नातीचा ब्रश बादलीत बुडवला, आता आतून पाणी वाजतंय

रामबागची आजी
नात सहा वर्षांची, सुट्टीला पुण्याहून आली आहे. केस कुरळे आणि कमरेपर्यंत. पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीने टाळूपासून कंगवा घातला आणि खाली ओढला. पोर अशी किंचाळली की शेजारच्या भाभी लाटणं हातात घेऊनच धावत आल्या. मग तिने बॅगेतून आपला ब्रश काढला. पाठीवर हिरवा-जांभळा उजेड रंगवलेला. म्हणे, "आजी, हे उत्तर ध्रुवाचं आकाश आहे."

दाते इतके लवचिक की तळहातावर दाबले तर वाकतात. म्हटलं, ह्याने कसला गुंता निघणार! पण निघाला. पोर पोहे खात बसली होती, हूं की चूं नाही.

तेवढ्यात ब्रशवर जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमच्याकडचा मसाला, सांडलं. तेलकट होताच, म्हणून मी तो शाम्पूच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. आता हलवला की आत पाणी वाजतं, वास येतो आणि आकाशाचा एक कोपरा सोलला गेलाय. नातीला अजून सांगितलेलं नाही.

बाजारातून धबधब्याच्या चित्राचा दुसरा आणला, तर तो टोचतो. दुकानदार म्हणाला, "सेम आयटम है." काय करू?

वेणीफणी
काकू, दात्यांखाली जी रबराची गादी असते, तिला हवेसाठी बारीक भोक असतं. पाणी तिथूनच शिरलं. ब्रश दाते खाली करून टॉवेलवर ठेवा, गादी अधूनमधून हलकेच दाबा. उन्हात नको, ड्रायर तर मुळीच नको. रबर आणि चित्र दोन्ही जातील. पुढच्या वेळी आधी अडकलेले केस काढा, मग जुन्या टूथब्रशने शाम्पूचा नुसता फेस लावून दाते घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. बुडवायचं नाही.

सुदामानगर
धबधबेवाला मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. ओरखडा उठला तर परत करा. दात्याचं टोक गोल हवं आणि वाकवून सोडलं की दाता सरळ व्हायला हवा. चित्र कुणीही छापतं हो, खरं काम दात्यांचं.

आणि रागावू नका, पण टाळूपासून ओढायचं नाही. शेंड्याकडून सुरुवात करा, गुंत्याच्या वर केस मुठीत धरा म्हणजे मुळाला हिसका बसत नाही. केस चिंब असताना तर जास्तच जपा. पाण्याने केसातल्या केराटिन या प्रथिनाचे काही बंध सुटतात, केस जास्त ताणला जातो आणि तुटतो. पण कुरळे केस अगदी कोरडे विंचरले तर पिंजारतात. टॉवेलने टिपून, थोडं कंडिशनर लावून विंचरा.

छतावरची दुर्बीण
केसांतलं मला कळत नाही, आकाशातलं सांगतो. सूर्याकडून आलेले कण वरच्या हवेवर आदळतात, त्याचा तो ब्रशवरचा उजेड, ध्रुवीय प्रकाश म्हणतात त्याला. हिरवा ऑक्सिजनचा, साधारण शंभर किलोमीटरच्या वरचा. जांभळट-निळा नायट्रोजनचा. त्याहून खूप वर तोच ऑक्सिजन लाल दिसतो. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं, तेव्हा आपल्या लडाखात हानलेहून आकाश लाल दिसलं होतं. ब्रशवर लाल पट्टा नसेल तर नातीला म्हणा, तो वर राहिला.

रामबागची आजी
गादीतून वाटीभर नाही, पण चमचाभर पाणी नक्की निघालं. दोन दिवसांनी वासही गेला. धबधबेवाला परत केला. दुकानदार भियाने पैसे दिले नाहीत, बदल्यात चापांचं पाकीट दिलं.

सोललेला कोपरा नातीला दाखवला. लाल पट्ट्याची गोष्ट ऐकून ती माझी नेलपॉलिश घेऊन बसली आणि सोललं होतं तिथे लाल रेघ ओढली. थोडी लाल माझ्या गादीच्या अभ्र्यावरही आहे. आता म्हणते, पुढचा ब्रश आपल्या इंदूरजवळच्या पाताळपाणीच्या धबधब्याचा हवा. तिला म्हटलं, आता उन्हाळ्यात त्याला पाणी कुठलं, पावसाळ्यात ये. तसा ब्रश कुणी पाहिलाय का?