मदत हवी आहे: ओपनर घडवताना भोक फाटतंय, रविवारच्या आत उपाय सांगा

ठिणगी_७
रविवारी धाकट्या भावाच्या सोडा-सरबताच्या दुकानाचं उद्घाटन. त्याला स्वतः घडवलेला ओपनर द्यायचाय, मुठीला पीळ, शेपटाला पान. पीळ आणि पान दोन्ही जमलं. पण तोंडाकडचं भोक मोठं करायला घेतलं की कड फाटते. तीन तुकडे वाया गेले. लालभडक करूनच ठोकतोय. संध्याकाळी परत भट्टी पेटवणार आहे, लवकर सांगा.

जुना_फिटर
लोखंड कुठलं? भोक ड्रिलनं पाडलं की पंच ठोकून?

ठिणगी_७
१२ मिमी. टोक चपटं करून पंचनं.

भाता
ताव कमी पडतोय. लालभडक पुरत नाही. पंच मारताना रंग नारिंगी-पिवळा हवा, लालीवर आला की हात थांबवायचा. "अजून दोनच घाव" म्हणत माझेही कितीतरी तुकडे चिरले. भट्टी उन्हात असेल तर सावलीत घ्या, उन्हात रंग कळत नाही. दर तीन-चार घावांनी पंच पाण्यात बुडवा, भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाका म्हणजे तो अडकत नाही. तुकडा उलटून पाहा, काळा ठिपका दिसला की त्या बाजूनं मारून गोळी (भोकातला सुटा तुकडा) पाडा.

जुना_फिटर
१२ मिमी काय? गोल, चौकोनी? आणि लोखंड कुठलं ते अजून सांगितलेलं नाही.

सह्याद्री_वर्कशॉप
साधं लोखंड सोडाच. ट्रकचा जुना पाटा (स्प्रिंगची पट्टी) घ्या. माझे कोयते, सुऱ्या सगळं त्याचंच. घडवून पाणी पाजलं, म्हणजे लाल असताना पाण्यात बुडवलं, की पिढ्यान्पिढ्या टिकतं.

भाता
ओपनरला धार कुठे लावायचीय? आणि पाटा पाण्यात टाकला तर तडकू शकतो, त्याला तेल बरं. शिकणाऱ्यानं पाट्यात भोक पाडायला घेऊ नये, घणाखाली तो फार चिवट.

सह्याद्री_वर्कशॉप
आमचे आजोबा पाण्यातच पाजायचे, नुसती धार बुडवून. एकही तडकला नाही.

भाता
नुसती धार बुडवणं वेगळं, अख्खा तुकडा बुडवणं वेगळं.

रानपाखरू
थोडं विषयांतर. बाटलीचं हे दातेरी झाकण बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं, पेटंट १८९२ चं. ओपनरचं पेटंटही त्याचंच, १८९४ चं. गोटी सोड्याला यातलं काही लागत नाही, गोटी आत ढकलली की झालं. भावाकडे गोटी सोडा मिळेल का?

ठिणगी_७
मिळेल, पण माझा प्रश्न तसाच राहिलाय. लोखंड म्हणजे घराच्या स्लॅबची उरलेली सळई. सांडशी धड नाही, चटके बसतात, म्हणून दर वेळी तुकडा पाण्यात विझवून मग परत तापवतो.

जुना_फिटर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सळईवरचे कंगोरे ठोकताना आत दुमडतात आणि भोक ताणलं की चीर तिथूनच सुरू होते. शिवाय बरीचशी सळई भंगार वितळवून केलेली, एका तुकड्याचा गुण दुसऱ्यात नसतो. त्यात कार्बन ०.३० टक्क्यांपर्यंत असू शकतो, लाल असताना विझवली की ती कडक होते. विझवणं बंद करा. हार्डवेअरच्या दुकानातून साध्या लोखंडाचा १२ मिमी चौकोनी बार आणा. चपटं करण्याआधी टोकाचे कोपरे मारून गोल करा, नाहीतर तिथेही घडी पडते. सांडशी मात्र आधी नीट करा, पकडीतून सुटलेला लाल तुकडा पायावर येतो.

गंजमुक्त
शेवटी तारेच्या ब्रशनं खपल्या काढा आणि तुकडा कोमट असतानाच मेण चोळा. काळा रंग सुंदर टिकतो.

ठिणगी_७
चौकोनी बार आणला. भोक न फाटता ३५ मिमीपर्यंत गेलं! झाकणाखाली अडकणारा ओठही कानशीनं घासून तयार केला. पण बाटलीवर लावला की नुसता घसरतो, झाकण हलतसुद्धा नाही. शनिवार उजाडलाय.

जुना_फिटर
भोक फार मोठं झालंय. बसवलेलं झाकण साधारण २९ मिमीचं असतं, ते तुमच्या भोकातून अख्खं आरपार जातंय. समोरची कड झाकणाच्या माथ्यावर टेकली पाहिजे आणि ओठ खालून दात्यांना लागला पाहिजे. परत नारिंगी करा, कडी उभी धरून दोन्ही बाजूंनी हलके ठोका, २५ मिमी रुंदीचा लांबट आकार येऊ द्या. ओठ मुठीकडच्या बाजूला आहे ना?

ठिणगी_७
हो, मुठीकडेच. ब्लोअर लावलाय.