नॉर्मन काळातला 'व्हिलन' म्हणजे आपला सालदार का?

तापीकाठ:
सातवीच्या मुलांसाठी नॉर्मन इंग्लंडमधल्या (१०६६ ते ११५४) खेड्याचा तक्ता करतोय. एका बाजूला सरदाराची गढी, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचं घर. 'व्हिलन' (जमीनदाराच्या हाताखालचा शेतकरी) या शब्दापुढे कंसात 'सालदार' लिहिलं तर चालेल का? जळगाव-धुळ्याच्या पोरांना लगेच कळेल. शिवाय आठवड्याचं काम कसं वाटलेलं असायचं आणि दोन्हीकडे ताटात काय असायचं, तेही नेमकं हवंय.

जुनंदप्तर:
सालदार लिहू नका भाऊ, अर्थ पार उलटा होईल. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याच्याकडे स्वतःचं वावर नसतं, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपलं की तो दुसरा मालक धरू शकतो. व्हिलनचं नेमकं उलट. त्याच्याकडे कसायला जमीन असायची, भरल्या घराकडे ३० एकरांपर्यंत, आणि बैलही असायचे. पण मनात आलं म्हणून गाव सोडायची सोय नव्हती. मुलीचं लग्न ठरलं की जमीनदाराला पैसे भरायचे. कर्ता माणूस गेला की गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर गढीवर जायचं. 'बांधील कूळ' लिहा, ते जवळ जातं.

आणि सगळं गाव व्हिलनचं दाखवू नका. १०८६ च्या डूम्सडे नोंदींत (राजाने करवलेल्या जमीन-पाहणीत) व्हिलन साधारण ४० टक्के, 'बॉर्डर' आणि 'कॉटर' हे अल्पभूधारक मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, गुलाम १० टक्के. बॉर्डरकडे पाचेक एकर. तेवढ्यात पोट भरत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या वावरात राबायचा. सालदाराशी तुलना करायचीच असेल तर याच्याशी करा.

पांझरा_पाट:
शेतीचं चित्र काढताना आपली फड पद्धत (गावाने मिळून पाटाच्या पाण्यावर करायची शेती) डोळ्यांसमोर ठेवा. पाण्याचा भाग सोडला तर पुष्कळ जुळतं. गावाची जमीन दोन किंवा तीन मोठ्या भागांत वाटलेली, प्रत्येकाच्या पट्ट्या सगळ्या भागांत विखुरलेल्या, आणि एका भागात सगळ्यांचं पीक एकाच हंगामाचं. तीन भाग असतील तर एकात हिवाळी गहू किंवा राय (गव्हासारखं धान्य), दुसऱ्यात वसंतातला जव, ओट, वाटाणा, तिसरा पडीक. कापणी झाली की गावाची गुरं त्या भागात मोकळी सुटायची. म्हणून कुणी स्वतःच्या मनाने उशिराचं पीक घेतलं तर ते गुरांच्याच तोंडी जाणार.

नांगर आपल्या देशी नांगरासारखा काढू नका. पुढे माती चिरणारं उभं पातं, मागे फाळ, त्याच्या बाजूला माती पलटवणारी फळी. ओढायला पूर्ण जोत ८ बैलांचं. एका घरी दोनच बैल असले तर चार घरांची सावड व्हायची, आणि ऐन नांगरटीत एकाचा बैल मेला की चौघांचं काम अडायचं. एवढं लांब जोत वळवणं जिकिरीचं, म्हणून पट्ट्या लांब आणि अरुंद. मानक एकर २२० यार्ड लांब, २२ यार्ड रुंद. टोकाला वळायला जागा सोडलेली असायची, ती नक्की दाखवा.

कुळाचे आठवड्याचे दोन-तीन दिवस जमीनदाराच्या खासगी वावरात, सुगीत त्याहून जास्त. खरा जाच सुगीतच होता. दोघांचा गहू एकदमच पिकतो, आणि उघडीप मिळाली की आधी जमीनदाराचा कापायचा. मधेच पाऊस आला तर नासायचा तो कुळाचा.

जुनंदप्तर:
उत्पन्नाचा हिशोब मुलांना करून दाखवा. गहू पेरल्याच्या तिप्पट-चौपट यायचा. चार पोती आली तर एक बियाण्याला. चर्चचा दहावा हिस्सा एकूण पिकावर, शेतातच दर दहावी पेंढी उचलून, म्हणजे ०.४ पोतं. उरलं २.६. ते दळायला जमीनदाराच्याच पाणचक्कीवर न्यायचं, तिथे दळणातला काही भाग, कुठे सोळावा तर कुठे चोविसावा, कापून घ्यायचे.

कळणा_भाकर:
ताटाचं सांगते. कुळाकडे गहू-राय मिसळून केलेली काळपट पाव-भाकर; आपण ज्वारी-उडदाचा कळणा करतो, तसंच मिश्र पीठ. सोबत वाटाणे, कोबी, कांदापात घालून दिवसभर चुलीवर शिजणारं दाटसर कालवण, आणि जवाची बिअर. डुकरं शरद ऋतूत रानात ओकच्या फळांवर पोसायची, त्याचेही पैसे द्यायचे, आणि ११ नोव्हेंबरच्या सुमारास कापून मिठात घालायची.

गढीवर चाळलेल्या गव्हाचा पांढरा पाव, ताजं मांस, उपवासाच्या दिवशी मासे, वाइन. मुख्य जेवण दुपारच्या आतच. हरणाचं मांस हा तर सरळ हक्काचा प्रश्न: राजाच्या राखीव रानात हरीण मारलं तर कुळाला कडक शिक्षा. सरदार एकाच गढीत वर्षभर राहत नसे. जमिनी दूरदूर विखुरलेल्या, त्यामुळे माणसांसकट गावोगाव फिरून तिथलं धान्य तिथेच संपवायचं. तो नसताना कोठाराच्या किल्ल्या आणि हिशोब बऱ्याचदा बाईसाहेबांकडे.

तापीकाठ:
आभार. गढी दगडीच काढू ना? आणि गावाबाहेर पवनचक्की?

पांझरा_पाट:
सुरुवातीच्या बऱ्याचशा गढ्या मातीचा उंच ढिगारा, त्यावर लाकडी बुरूज आणि खाली कुंपणाचं आवार अशा. ढिगारा रचायचं काम गावकऱ्यांच्या वेठीचं. पवनचक्की काढू नका, ती इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या शेवटी दिसते. ओढ्यावर पाणचक्की काढा.

कळणा_भाकर:
बाईच्या हातात चरखाही नको, चाती आणि लोकर द्या. बटाटा, टोमॅटो, मका नको. मिरचीही नको, ती तर तेव्हा खानदेशातही नव्हती. कोपऱ्यात एक ओळ टाका: गणिती भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्याशी जोडलेली चाळीसगावजवळची पाटणादेवी पाहिलेल्या मुलांना काळ पटकन कळेल.