'नॉलेज मॅनेजमेंट'ला मराठीत काय म्हणायचं? ज्ञान, माहिती की जाण?

मंडळी, एक शब्द हवाय आणि तो नुसता कोशात बघून दिलेला नकोय, रोजच्या बोलण्यातला हवाय.

मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, जुन्या चाळींच्या रिडेव्हलपमेंटची कामं असतात. सध्या आयएसओ ९००१चं, म्हणजे कामाच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, चाललंय आणि त्याच्या २०१५च्या आवृत्तीत ७.१.६ म्हणून कलम आहे, 'ऑर्गनायझेशनल नॉलेज', म्हणजे काम नीट चालायला संस्थेला जे जे कळलेलं असावं लागतं ते ठरवा, जपा आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवा. साहेब म्हणाले, ह्याची एक पाटी आणि एक वही मराठीत कर, साइटवरच्या पोरांनाही कळली पाहिजे. मी 'ज्ञान व्यवस्थापन' लिहून लावलं. आमच्या साइट सुपरवायझरने वाचलं आणि विचारलं, "ताई, व्याख्यान कुणाचं आहे, किती वाजता?" आणि तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं.

मला त्याचं पटलं. ज्ञान म्हटलं की आपल्याला ज्ञानोबा आठवतात, आत्मज्ञान आठवतं, नाहीतर मग एकदम खाली येऊन 'ज्ञान पाजळू नकोस'. 'मला त्या फायलीचं ज्ञान आहे' असं ऑफिसात कुणी बोलत नाही. मग माहिती म्हणावं तर तो शब्द कागदाला चिकटलेला. आपल्या राज्याचा २००२चा आणि मग देशाचा २००५चा कायदा, दोन्हीकडे 'माहितीचा अधिकार' हाच शब्द आहे आणि तो तिथे चपखल बसतो, कारण माहिती अर्ज करून मागता येते, पानामागे पैसे भरून तिची झेरॉक्स मिळते. मला ज्याला शब्द हवाय त्याची झेरॉक्स निघत नाही.

काय झालं ते सांगते. आमच्याकडे रेकॉर्ड बघणारे एक मामा होते, ते गेल्या वर्षी रिटायर झाले. चार्ज अगदी रीतसर दिला, किल्ल्या, रजिस्टरं, शिक्का, कपाटांची यादी, सगळ्यावर सह्या. नकाशे तर आधीच स्कॅन करून झाले होते. दोन महिन्यांनी परळच्या एका चाळीचा जुना मंजूर नकाशा लागला. मुंबई शहरात मिळकत सी.एस. नंबरने, म्हणजे जमीन मोजणीच्या सरकारी नंबराने ओळखतात, उपनगरात सी.टी.एस.ने, म्हणून आम्ही सी.एस. नंबर टाकून शोधलं तर कॉम्प्युटरवर काहीच नाही. रजिस्टरमध्ये नोंद नाही. चार दिवस तिघंजण कपाटं उपसत होतो, शेवटी मामांना बदलापूरला फोन लावला. ते म्हणाले, "अगं ती फाइल त्या नंबरावर नाही मिळायची. मालकाने तेव्हा दोन प्लॉटचं एकच प्रपोजल दिलं होतं, म्हणून शेजारच्या नंबराखाली लावलीय. खिडकीकडच्या कपाटात खालून दुसरा कप्पा, निळ्या फडक्यात बघ." निळं फडकं सोडलं तर वरच नकाशा, आणि आम्हाला हव्या त्या प्लॉटवर मामांच्या अक्षरात, पेन्सिलीने, अगदी बारीक, 'शेजारी बघा'. मग मी मुद्दाम शेजारच्या नंबराचा स्कॅन उघडून बघितला. नकाशा स्वच्छ आलेला, पेन्सिल उमटलीच नव्हती.

तर ती पेन्सिल म्हणजे काय? माहिती, ज्ञान, अनुभव, की अजून काही?

प्रतिसाद

ताई, तुम्हाला हवाय तो शब्द 'जाण' आहे. फक्त कृपा करून 'जाणकारी' लिहू नका, ती हिंदीतली जानकारी न चा ण करून आलीय आणि हल्ली बातम्यांमध्ये सर्रास ऐकू येते. आपल्याकडे जाण, जाणता, जाणकार हे घरचे शब्द आहेत.

आणि शब्दाचा अर्थ बघायचा तर त्याला क्रियापद कुठलं लागतं ते बघावं असं मला वाटतं. माहिती आपण देतो, घेतो, मागवतो, पुरवतो, लपवतो, दडवतो. ज्ञान देतात, मिळवतात. जाण मात्र येते किंवा असते. 'मी त्याला कामाची जाण दिली' असं वाक्य आपल्या तोंडून निघत नाही, 'करून करून जाण आली' असं निघतं. म्हणजे मॅनेज करता येईल अशी ती वस्तूच नाही, 'जाण व्यवस्थापन' हा शब्द मराठीत उभाच राहणार नाही. मामांना जाण होती, ती चार्ज-लिस्टमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

प्रतिसाद

मी ऐरोलीला आयटीत आहे, आमच्याकडे ह्याला 'केटी' म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. केटी देतात, केटी घेतात, केटी झाली की शीटवर हिरवं करतात. माणूस नोटीस पिरियडवर गेला की शेवटच्या दोन आठवड्यांत स्क्रीन शेअर करून जे काय असेल ते ओतायचं. मुंबई युनिव्हर्सिटीत शिकलेल्याला केटी म्हणजे विषय राहणं, 'केटी लागली' म्हणायचो, त्यामुळे पहिल्या नोकरीत लीड म्हणाला तुझी केटी आहे तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

वरच्या क्रियापदाच्या मुद्द्यावरून आत्ता लक्षात आलं, केटी 'झाली' म्हणतो तेव्हा देणाऱ्याचं बोलून झालेलं असतं. घेणाऱ्याला कळलं का, ते त्या शब्दात नाहीच. हे मला दरवेळी खुपतं, कारण रात्री दोनला सिस्टम बंद पडते तेव्हा फोन कुणाला करायचा हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नसतं.

प्रतिसाद

माझे वडील लोकलवर मोटरमन होते. त्यांच्याकडे शब्द होता 'रोड लर्निंग', घरी ते 'रोड शिकायला चाललोय' म्हणायचे. नवीन सेक्शनवर एकट्याने गाडी हातात मिळण्याआधी जाणत्या मोटरमनबरोबर केबिनमध्ये उभं राहून फेऱ्या करायच्या, सिग्नल कुठला कुठे आहे, कुठला वळणामुळे उशिरा दिसतो, पावसात कुठल्या स्टेशनात ब्रेक आधीपासून धरायचा, हे सगळं डोळ्यांनी बघायचं आणि मग स्वतः सही करून द्यायची की मला हा रोड कळलेला आहे. बरेच महिने त्या मार्गावर गाडी नेली नाही तर परत फेऱ्या. नियमांचं पुस्तक प्रत्येकाकडे होतं, तरीही रेल्वे त्या पुस्तकावर भागवत नाही. आणि सही शिकणाऱ्याची असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

(मूळ प्रश्न विचारणारी मीच, परत)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी जाताना सँडहर्स्ट रोडपासून मोटरमनकाकांच्या ह्या सहीचाच विचार करत होते.

जाण पटला. त्याच्या शेजारी मी अजून एक ठेवते, 'हात बसणे'. मायकल पोलान्यी नावाच्या विचारवंताने १९६६ साली मांडलं की माणसाला शब्दांत सांगता येतं त्याहून जास्त त्याला कळत असतं, त्याला मराठीत 'अव्यक्त ज्ञान' म्हणतात. तो शब्द चुकीचा नाही पण परत तत्त्वज्ञानात नेऊन सोडतो. इकुजिरो नोनाका नावाच्या जपानी प्राध्यापकांनी ह्याचं एक उदाहरण दिलंय, मात्सुशिता कंपनीला १९८५च्या सुमाराला घरी पाव भाजायचं मशीन करायचं होतं आणि पाव काही केल्या नीट होईना, कणीक मळण्याचे एक्स-रे काढून तुलना केली तरी कळेना. तेव्हा त्यांच्यातली एक सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या पाववाल्याच्या हाताखाली शिकायला राहिली, आणि तिला दिसलं की तो कणीक ताणताना एक विशिष्ट पीळ देतो. मग मशीनमध्ये तसा पीळ बसवला. हे वाचून माझी आई एका वाक्यात म्हणाली, "त्याचा हात बसला होता." हात बसतो, नजर बसते, अंगवळणी पडतं, काम मुरतं. एवढे वाक्प्रचार आपल्याकडे आहेत आणि पाटीवर मात्र 'ज्ञान व्यवस्थापन', ह्याचं मला वाईट वाटतं.

अजून एक, हे माझं आवडतं आहे म्हणून थोडं लांबवते. आपल्या जुन्या दप्तरी शब्दांमध्ये शेवटी जो 'नीस' येतो, चिटणीस, फडणीस, सबनीस, तो फारसी 'नवीस', लिहिणारा. पारसनीस फारसी लिहिणारा, वाकनीस घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा. म्हणजे नोंद आणि ती ठेवणारा माणूस एकाच शब्दात, आणि पुढे ती आडनावंच झाली. आणि 'शिरस्ता' बघा, मूळ फारसी सररिश्ता, सर म्हणजे डोकं किंवा टोक, रिश्ता म्हणजे धागा. कोर्टात कागद सांभाळणारा तो शिरस्तेदार, आणि आपल्या बोलण्यात शिरस्ता म्हणजे चालत आलेली पद्धत. कागद आणि सवय, दोन्ही एकाच धाग्याला. आज ऑफिसात कागद एका खात्याकडे आणि सवय रिटायर होणाऱ्या माणसाकडे. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागून फायली जळाल्या तेव्हापासून सगळीकडे स्कॅन करा, स्कॅन करा चाललंय, ते हवंच, पण स्कॅनने धाग्याचं एकच टोक हातात येतं.

'शिरस्ता' पाटीवर लिहावा असं फार मनात होतं. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, त्याचा अर्थ 'आधीपासून असंच चालतं, बदलायचं नाही' असा वाटतो. तेही खरंय. मग मामांनाच फोन केला, म्हटलं तुम्ही ह्याला काय म्हणाल. ते म्हणाले, "मी कुठे काय म्हणतोय, खाणाखुणा सांगून ठेवायच्या एवढंच."

तर पाटी झालीय 'कामाच्या खाणाखुणा'. सुपरवायझरने वाचली आणि काही न विचारता आत गेला. वहीला तीन रकाने केलेत, कुठे अडतं, कुणाला विचारायचं, आणि तिसऱ्यात शिकणाऱ्याची सही, हा तिसरा मोटरमनकाकांचा. दोन आठवड्यांची केटी नको म्हणून ह्या रविवारी बदलापूरला पहिली खेप आहे, पुढच्या महिन्यात नवीन मुलाला मामांसमोर कपाटापाशी उभं करणार आहे. मामा यायला तयार आहेत. फक्त म्हणाले, "वही आण आणि ह्या वेळेला पेन आण, पेन्सिल तुमच्या त्या मशीनला दिसत नाही."