शब्दचर्चा : टेनिसचा सामना 'स्थगित' की 'तहकूब'?

प्रश्न : अंधारामुळे किंवा पावसामुळे टेनिसचा सामना अर्ध्यावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू होतो, तेव्हा बातम्यांत कधी 'स्थगित', कधी 'तहकूब', कधी 'रद्द', तर एकदा चक्क 'निलंबित' असे वाचले. यांतील नेमका शब्द कोणता मानावा?

उत्तर : 'निलंबित' आधीच बाजूला काढावा. निलंबन माणसाचे होते. उत्तेजक द्रव्य घेतलेला खेळाडू निलंबित होतो, सामना नव्हे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे भाषांतरात ही गफलत होते. 'रद्द'ही चालणार नाही, कारण टेनिसच्या नियमानुसार खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा गुणसंख्या आणि खेळाडूंच्या कोर्टावरील जागा थांबतेवेळी होत्या त्याच कायम राहतात.

उरले दोन. 'स्थगित'चा संस्कृतातील मूळ अर्थ 'झाकलेला' असा आहे. त्या हिशेबाने पाऊस येताच गवताच्या कोर्टावर आच्छादन ओढणारे कर्मचारी खेळ अक्षरशः स्थगित करतात! आज मात्र हा शब्द फार सैल झाला असून, सुरूच न झालेल्या स्पर्धेलाही तो लावला जातो. 'तहकूब' आपल्याला सभेमुळे परिचित आहे. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा ती नवी सभा नसते, तर त्याच विषयपत्रिकेवर, सोडलेल्या मुद्द्यापासून पुढे चालणारी तीच सभा असते. थांबलेल्या टेनिस सामन्याचे स्वरूप हुबेहूब असेच असते.

विम्बल्डनमधील 2010चा जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना पाहावा. 22 जूनला तो दोन-दोन सेटच्या बरोबरीवर अंधारामुळे थांबला, 23 जूनला पाचव्या सेटमध्ये 59-59 वर पुन्हा थांबला आणि 24 जूनला इस्नरने तो सेट 70-68 असा जिंकला. तीन दिवस, 11 तास 5 मिनिटे. पण सामना एकच. अंधारामुळे खेळ थांबवायचा झाल्यास तो सेट संपल्यावर किंवा चालू सेटमधील गेमची संख्या सम असताना थांबवावा, असा संकेत नियमांतच आहे. 59 अधिक 59 म्हणजे 118, आणि तेथपर्यंत दोघांच्या सर्व्हिसचे गेम सारखेच झालेले होते.

शंका : 'तहकूब'ला कचेरीचा वास येतो. शिवाय 2018च्या विम्बल्डन उपांत्य फेरीत जोकोविच आणि नदाल छताखाली, दिव्यांच्या उजेडात खेळत होते. रात्री 11ची मर्यादा आली म्हणून तीन सेटनंतर खेळ थांबला. तेथे काय म्हणावे?

उत्तर : तेथे तर 'तहकूब' अधिकच शोभतो, कारण निसर्गाने अडवले नसून ठरलेली वेळ संपली होती. तास-अर्ध्या तासाच्या खंडाला मात्र एवढा भारदस्त शब्द नको. 2008चा फेडरर-नदाल अंतिम सामना पावसाने दोनदा थांबला, पण त्याच संध्याकाळी संपला. तो 'खोळंबला' म्हणावे. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अतिउष्णतेमुळे उघड्या कोर्टांवरील खेळ थांबवतात, त्यालाही हेच लागू. एकही चेंडू न खेळता दुसऱ्या दिवसावर गेलेला सामना 'लांबणीवर पडला'. कचेरीच्या वासाबद्दलची तक्रार मान्य आहे; ज्यांना तो सोसवत नाही, त्यांनी 'स्थगित' लिहावे, मात्र 'दोन-दोन सेटच्या बरोबरीवर स्थगित' असे, गुणसंख्येसह.