मदत हवी: गाडीच्या बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, उद्या सकाळी निघायचंय

गिरणाकाठ:
इंजिन चालू असतानाही बॅटरीचं लाल चिन्ह मंद पेटतंय. रात्री हेडलाइट लावले की एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा येतो. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच नवी टाकली. वायरमन म्हणतो, बॅटरी चार्ज करणारा डायनामो बदला. उद्या सातला आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पाचोऱ्याहून जळगावला न्यायचंय. लवकर सांगा.

केळीबाग_रावेर:
पेट्रोल की डिझेल? किती जुनी? पट्टा किंचाळतो का? एवढं तरी लिहा भाऊ.

नाना_भुसावळ:
सोपं आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं मायनस काढा. बंद पडली तर डायनामो गेला. तीस वर्षं जीपवर हेच करतोय.

तापीकाठी:
नाना, हात जोडतो, हे कोणाला सांगू नका. जुन्या जीपमध्ये कॉम्प्युटर नव्हता. चालू गाडीत बॅटरी सुटली की डायनामोचं व्होल्टेज उसळतं, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. माझ्या मेहुण्याचा तसाच गेला.

नाना_भुसावळ:
माझी जीप आजही एका सेल्फला उठते.

घाटवाट:
विकून टाका, सीएनजी घ्या. मी कन्नड घाट सेकंडवर आरामात चढतो.

गिरणाकाठ:
सीएनजी नको, दिवा विझवायचाय. २००८ ची पेट्रोल आहे, सव्वा लाख किलोमीटर. पट्टा गेल्या वर्षीच बदललाय. हां, सकाळी सेल्फ जड फिरतो.

तापीकाठी:
हे आधी सांगायचं ना! बॅटरी नवी, तरी सेल्फ जड, दिवा मंद. मला अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचं मायनस गाडीच्या बॉडीला-इंजिनला जोडणाऱ्या वायरीचा संशय आहे. मल्टिमीटर आणा, मोटार रिवायंडिंगवाल्याकडे असतोच. २० डीसीवर ठेवा. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, मग डायनामोच्या जाड वायरीच्या नटावर आणि त्याच्याच बॉडीवर. दोन्हीकडे १४ च्या आसपास हवं. डायनामोवर १४ आणि बॅटरीवर साडेबारा आलं, तर मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये खराबी. त्या नटाला पाना लावू नका, बॉडीला टेकला तर ठिणगी पडेल.

केळीबाग_रावेर:
दोन्हीकडे कमी आलं तर डायनामोच. तरी अख्खा बदलू नका, आधी कार्बन आणि रेग्युलेटर बघायला सांगा.

सावदेकर:
ऑइल कोणतं टाकता?

गिरणाकाठ:
डायनामोवर १४.२, बॅटरीवर १२.६! मायनसची वेणी (अर्थिंगची विणलेली जाड वायर) गिअरबॉक्सला बसते तो बोल्ट सोडला. खाली हिरवट पांढरी पूड, वेणीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. एवढ्या रात्री नवी कुठे मिळणार? शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची जाड केबल होती. जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली आणि तीच आवळली. आता बॅटरीवर १४. लाल दिवा गेला, सेल्फ झटक्यात. तापीकाठी भाऊ, तुमचे उपकार. एबीएसचा दिवा मात्र अजून येतो-जातो.

तापीकाठी:
नुसता एबीएसचा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण करकचून दाबला तर चाकं जॅम होतील. पुढच्या गाडीपासून लांब राहा. ऑपरेशन झालं की चाकाजवळच्या सेन्सरची वायर बघा. ब्रेकचं लाल चिन्ह पेटलं तर मात्र गाडी हलवू नका, सरळ रिक्षा करा.

नाना_भुसावळ:
येताना आईंच्या डोळ्यावर पट्टी असेल. खड्डे बघून, हळू आणा. पोहोचलात की कळवा.