भंडारदऱ्याला तलावाकाठी टेंटमध्ये राहायचंय, सोबत आई आणि लहान मुलगी, जमेल का?

वर्तकनगरकर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला एक रात्र टेंटमध्ये काढायचा विचार चाललाय. आम्ही दोघं, मुलगी सात वर्षांची आणि आई, वय ६६, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. मुलीच्या वर्गातलं कुणीतरी टेंटमध्ये राहून आलंय, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आधी वाटलं ठाण्याच्या जवळच काहीतरी बघू, तानसा नाहीतर मोरबे, पण बायको म्हणाली ती पिण्याच्या पाण्याची धरणं, तिथे काठावर तंबू ठोकायला कोण देणार, आणि ते पटलं. पवनेला मित्र जाऊन आला, तो म्हणतो शनिवारी रात्री स्पीकर थांबतच नाहीत. म्हणून भंडारदरा.
आता प्रश्न. स्वतःचा टेंट घेऊन जावं की तिथे भाड्याने घ्यावा? आईला खाली बसायला जमत नाही, मग कमोड मिळतो का? थंडी नेमकी किती, म्हणजे ठाण्यातलं स्वेटर पुरेल का? आणि मुलगी पाणी दिसलं की धावत सुटते, याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. कुणी लहान मुलं घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

घणसोलीतला अकोलेकर:
दादा, नोकरीसाठी घणसोलीत असलो तरी माझं गाव अकोले तालुक्यातच आहे, भंडारदरा म्हणजे आमच्या घरचं धरण. जरा मोठं लिहितो, कारण तुम्ही पाण्याची काळजी लिहिलीत आणि ती अगदी बरोबर आहे.
हे धरण १९२६ सालचं, प्रवरेवर बांधलेलं. अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी मावतं. ऑगस्टमध्ये भरतं, मग शेतीसाठी टप्प्याटप्प्याने पाणी सोडतात (आवर्तनं) तसं पाणी खाली जातं, मे महिन्यात तर काठ इतका आत सरकतो की पाण्यापर्यंत पोचायला भेगाळलेल्या गाळातून चालावं लागतं. डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी वर असतं म्हणून दिसायला सुंदर, पण काठ फसवा. हा समुद्रकिनारा नाही, की गुडघाभर पाण्यात लांबपर्यंत चालता येईल. खाली बुडालेली दरी आहे, डोंगराची उतरण तशीच पाण्याखाली गेलेली, एक पाऊल घोट्याएवढं तर दुसरं गळ्याएवढं. शिवाय गाळ आहे, पाय रुतला की पोहणारा माणूससुद्धा घाबरतो. आमच्या गावची पोरं धरणात पोहतात ते बघून शहरातले उतरतात आणि मग दुसऱ्या दिवशी बोटी फिरवाव्या लागतात, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. मुलीला पाण्यात पाय बुडवायचे असतील तर तुमच्यापैकी एकाने हात धरायचा आणि तो सोडायचाच नाही. दोघांनीही आपापल्या फोनमध्ये बघत, दुसरा लक्ष ठेवेल असं समजायचं नाही.
टेंटची जागा काठापासून लांब, थोडी उंचावर घ्या. फोटोत टेंटच्या दारातून थेट पाणी दिसतं ते छान वाटतं, पण रात्री पाण्यावरून जो वारा येतो तो त्याच टेंटमध्ये शिरतो. झाडांच्या किंवा बांधाच्या आडोशाला असलेला टेंट मागून घ्या.
आणि हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून मनाला येईल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकायचा नाही. धरणाजवळच्या शेंडी गावात वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. पुढे गावातल्या लोकांनी स्वतःच्या शेतात टेंट लावलेले असतात, तिथेच राहा. पैसे गावात राहतात आणि रात्री काही लागलं तर हाकेला माणूस असतो.

ऐरोलीची आई:
वर्तकनगरकर, आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो, माझा मुलगा पाच वर्षांचा आणि सासूबाई सोबत, म्हणजे तुमच्यासारखंच.
कमोडचं आधी विचारा म्हणजे विचाराच, फोनवर हो म्हणतील पण व्हॉट्सअॅपवर फोटो मागा. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका तलावाकाठी गेलो होतो, अॅडव्हान्स आधी घेतला, पोचल्यावर बघतो तर चाळीसेक माणसांत दोन बाथरूम आणि रात्री दहानंतर पाणीच नाही, सासूबाईंनी सकाळपर्यंत कसं काढलं ते त्यांनाच माहीत. मला अजून त्याचं वाईट वाटतं. भंडारदऱ्याला त्यामुळे वेगळं केलं, सासूबाईंसाठी गावातल्या घरात एक खोली घेतली आणि आम्ही तिघं शेजारच्या शेतात टेंटमध्ये. जेवण, शेकोटी सगळं एकत्र, झोपायला फक्त त्या आत. तुमच्या आईंना टेंटमध्येच झोपायची हौस असेल तर निदान फोल्डिंग खाट मिळते का बघा, जमिनीवरून उठणं गुडघ्यांना फार जड जातं.
थंडीबद्दल, ठाण्याचं स्वेटर अजिबात पुरणार नाही. थंडी वरून नाही, खालून येते. पातळ गादी दिली तर तिच्याखाली घरची जाड सतरंजी, योगा मॅट, जे असेल ते घाला. कानटोपी, मोजे, आणि झोपताना घालायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घामाने ओलसर झालेल्या कपड्यांत झोपलं की पहाटे हुडहुडी भरते. टेंट आतून ओला होतो, घाबरू नका, ते आपल्याच श्वासाचं पाणी असतं, वरची जाळी थोडी उघडी ठेवायची.
आणि कितीही थंडी वाजली तरी निखाऱ्यांची शेगडी टेंटमध्ये घेऊ नका!!! कोळशाचा विषारी वायू बंद जागेत साठतो, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. आमच्या शेजारच्या टेंटमधली मुलं शेगडी आत नेत होती, माझ्या नवऱ्याने जाऊन बाहेर काढायला लावली.

कळव्याचा बाईकवाला:
रस्त्याचं मी सांगतो. कारने जाणार असाल तर भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्गावर चढा आणि इगतपुरीला उतरा, हा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, कसारा घाट पूर्ण टळतो, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. बाईकला परवानगी नाही त्यामुळे मी अजून जुन्या रस्त्यानेच जातो, शहापूर, कसारा, घोटी. घोटीहून आत वळायचं, बारीवरून शेंडी. शनिवारी सकाळी सहाच्या आत मानपाडा-माजिवडा सोडा, नाहीतर भिवंडी बायपासलाच नाश्ता होईल. पेट्रोल घोटीलाच भरा. रेंज अधूनमधून जाते, घरी आधीच सांगून ठेवा.
काजवे पण दिसतील ना मस्त?

घणसोलीतला अकोलेकर:
बाईकवाले भाऊ, काजवे डिसेंबरात नाहीत, ते पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जूनचा मध्य. तेव्हा या, पण गाडीचे दिवे आणि टॉर्च बंद ठेवा, उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, जोड्या जमत नाहीत.
पण दादा, तुम्ही म्हणता त्या आठवड्यात दुसरं काहीतरी आहे. १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. चंद्र किती आहे ते कॅलेंडरात बघा, अंधारी रात्र मिळाली तर मुलीला दहानंतर उठवून बाहेर बसवा. ठाण्याच्या उजेडात हे एवढं दिसणं शक्यच नाही.

वर्तकनगरकर:
सगळ्यांचे खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं, खोलीचं ऐकून आधी नाराज झाली, पण उल्कांचं ऐकल्यावर लगेच भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसली. खोली घेतोय, आणि टेंटच्या दारात तिच्यासाठी हात असलेली खुर्ची घरूनच नेतोय. अकोलेकर, रविवारी सकाळी तिला अमृतेश्वराचं दर्शन करायचंय, रतनवाडीला बोटीने न्यावं का गाडीने? आणि जेवणाचं काय सांगून ठेवू?

घणसोलीतला अकोलेकर:
गाडीनेच न्या. बोटीत चढताना-उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते, बाजूची पुष्करणीही बघा, कोरीव काम सुंदर आहे. बोट हवी असेल तर शेंडीला लाइफ जॅकेट घालूनच, मुलीच्या मापाचं नसेल तर बसू नका.
जेवणाला नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा सांगा, मुलीसाठी कमी तिखट. भात काळभाताचा आहे का विचारा, आमच्याकडचं जुनं वाण आहे, वाफ आली की घरभर वास सुटतो. संध्याकाळी पोचल्या पोचल्या सांगा, चुलीवर करतात, वेळ लागतो. आईंची औषधं सोबत घ्याच, आणि काही झालंच तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. रात्री चपला आणि बूट टेंटच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला, विंचू असतात. उरलेलं जेवण बाहेर टाकू नका, गाडीत बंद करून ठेवा.