सोसायटीच्या कार्यकारिणीत उभे राहायला कोणीच तयार नाही

प्रश्न (मुलुंड):
आमची ३२ सदनिकांची सोसायटी आहे. कार्यकारिणीची ५ वर्षांची मुदत आता संपत आली आहे. टाकीच्या गळतीपासून लिफ्टच्या देखभाल करारापर्यंत सगळे विनामोबदला पाहणाऱ्या सचिवांनी पुन्हा उभे राहणार नसल्याचे सांगितले आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांना लोक वाटेल तसे बोलत होते तेव्हा मी गप्प राहिलो, याची मला खंत वाटते. कोणीच अर्ज भरला नाही तर काय होईल? नोकरी सांभाळून मला हे काम झेपेल का?

उत्तर (गोरेगाव, माजी खजिनदार):
समिती निवडली गेली नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७७-अ नुसार निबंधक (सहकार खात्याचे अधिकारी) कारभार पाहायला प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. या नेमलेल्या अधिकाऱ्यांना आपल्या इमारतीचा पंप कधी बंद पडतो हे ठाऊक नसते आणि त्यांचे मानधनही सोसायटीवरच पडते. म्हणून आपण अवश्य उभे राहा. मात्र पहिल्या दिवशी सभावृत्तांताची वही, लेखापरीक्षण अहवाल, बँकेची कागदपत्रे आणि सदस्य नोंदवही यांची यादी करून सहीनिशी ताबा घ्या. आमच्याकडे हे राहून गेले आणि जुन्या दुरुस्तीची बिले शोधण्यात कित्येक रविवार गेले.

उत्तर (दादर):
माझ्या अनुभवात भांडणे पैशांपेक्षा हिशेब न कळल्याने होतात. सेवाशुल्क (सफाई, पहारा असा रोजचा खर्च) सर्व सदनिकांना समान असते, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के धरला जातो आणि सदनिका भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. एवढे आम्ही सूचना फलकावर लावले आणि दर महिन्याचा जमाखर्च त्याखाली टाचू लागलो, तेव्हा ‘पैसे जातात कुठे’ हा प्रश्न जवळपास थांबला. ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आता दुपटीने लोक येतात.

प्रश्नकर्ता:
आपल्या दोघांचा आभारी आहे. मी उद्या सचिवांच्या घरी जाऊन आधी त्यांची क्षमा मागेन, कागदपत्रांच्या यादीला त्यांच्यासोबतच बसेन आणि मग अर्ज भरेन. तळमजल्यावरच्या निवृत्त काकू हिशेब पाहायला तयार आहेत, त्यांनाही उभे राहण्याची विनंती करणार आहे.